सतरावा दिवस

कॅलिफोर्नियात घरखरेदीचा करार पक्का झाला, की त्याच संध्याकाळी मी एक कागद तयार करते. त्यावर पाच-सहा तारखा असतात, बाकी काही नाही. घर केवढ्याला घेतलं, बेडरूम किती, शाळा कोणती, अंगणात लिंबाचं झाड आहे का, यातलं काहीही त्या कागदावर येत नाही. पण घेणाऱ्याचा बेत फिसकटला तर त्याचे चाळीस-पन्नास हजार डॉलर परत मिळणार की जाणार, हे त्या तारखांवर ठरतं.

मी फ्रीमाँटला राहते आणि घरांच्या एजंटांसाठी ट्रान्झॅक्शन कोऑर्डिनेटरचं काम करते. घर दाखवणं, भाव ठरवणं, समोरच्याशी घासाघीस करणं हे एजंटचं काम. दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या की फाइल माझ्याकडे येते, आणि नव्या मालकाच्या हातात किल्ल्या पडेपर्यंत ती माझ्याकडे राहते. कोणता कागद कुणी कधी द्यायचा, कोणती सही राहिली, कोणती मुदत उद्या संपते, हे बघायचं. इथे येण्याआधी पुण्यात एका वकिलांच्या ऑफिसात साठेखतं आणि वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिसा टाइप करायचे. त्यामुळे मुदत या गोष्टीची सवय होती. पण तिथल्या मुदतींना थोडी सैल हवा असते. दस्त सह्या झाल्यापासून चार महिन्यांत नोंदवायचा; चार महिने म्हणजे माणसाला श्वास घ्यायला जागा आहे. इथे हिशोब दिवसांचा, आणि कधी कधी तासांचा.

आधी हे प्रकरण काय आहे ते सांगते. घेणारा ऑफर देतो तेव्हा तो अजून घराच्या पोटात शिरलेला नसतो. छत गळतं का, पायात पाणी मुरतं का, बँक या घराची किंमत तेवढीच धरेल का, कर्ज खरंच मंजूर होईल का, हे त्याला माहीत नसतं. म्हणून करारात अटी घालायच्या: तपासणी समाधानकारक झाली पाहिजे, मूल्यांकन भावाइतकं आलं पाहिजे, कर्ज मिळालं पाहिजे. नाहीतर मी करार सोडीन आणि माझं डिपॉझिट परत घेईन. या अटींना इथे कंटिन्जन्सी म्हणतात, आणि आमच्या मराठी घरांतही तोच शब्द रुळला आहे. प्रत्येक अटीला मुदत असते. कॅलिफोर्निया असोसिएशन ऑफ रिअल्टर्सचा जो छापील करार बहुतेक सगळे वापरतात, त्यात काही वेगळं लिहिलं नाही तर तपासणी, मूल्यांकन आणि कर्ज या तिन्हींना १७ दिवस मिळतात. कर्जाला पूर्वी २१ दिवस होते. २०२१ च्या शेवटी करार नव्याने लिहिला गेला तेव्हा तेही १७ झाले.

डिपॉझिट साधारण भावाच्या ३ टक्के असतं. स्वतः राहायला घर घेणारा सगळ्या अटी काढून टाकल्यावर मागे फिरला, तर करारातल्या नुकसानभरपाईच्या कलमाखाली विकणाऱ्याला तेवढी रक्कम ठेवून घेता येते. ३ टक्क्यांची ही मर्यादा कॅलिफोर्नियाच्या दिवाणी कायद्यात आहे. १५ लाख डॉलरच्या घरावर हे ४५ हजार डॉलर झाले. आमच्या भागात १५ लाखांत मोठा बंगला येत नाही. तीन बेडरूमचं जुनं, बैठं घर येतं. नवरा-बायको दोघांनी नोकरी करून, मधल्या काळात एखादा ले-ऑफ सोसून जमवलेले ते पैसे असतात. म्हणून मला दिवस मोजण्याचं हे काम कधीच कारकुनी वाटलं नाही.

मोजणीचा पहिला नियम: ज्या दिवशी करार पक्का झाला तो दिवस धरायचा नाही. तो शून्य. दुसरा दिवस पहिला. ऐकायला सोपं आहे, पण आपल्या लोकांचा हात इथेच चुकतो, कारण आपण लहानपणापासून उलट मोजत आलो. बाराव्या दिवशी बारसं म्हणजे बाळ जन्मलं तो दिवस धरून बारा, दहावा-तेरावाही तसाच. बोटाच्या पेरांवर मोजणारी आजी आजचं पेर पहिलं धरते. एका काकांनी, मुलाच्या घरासाठी नागपूरहून आले होते ते, माझ्यासमोर भिंतीवरच्या कालनिर्णयावर पेन्सिलीने सतरा टिंबं काढली आणि म्हणाले, "ताई, तुमचा एक दिवस जास्त आलाय." मी त्यांना कराराचं कलम वाचून दाखवलं. पुण्याच्या वकीलसाहेबांनी मला हेच वेगळ्या कायद्यातून शिकवलं होतं: १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्येही अमुक तारखेपासून असं लिहिलं असेल तर ती पहिली तारीख वगळायची, आणि शेवटच्या दिवशी कचेरी बंद असेल तर पुढच्या उघड्या दिवशी केलेलं काम मुदतीतलं धरायचं. काकांना ते पटलं. टिंबं खोडून त्यांनी पुन्हा काढली.

आता एक प्रत्यक्ष हिशोब करू. समजा करार गुरुवारी, ८ मे २०२५ ला पक्का झाला. पहिला दिवस शुक्रवार, ९ मे. सतरावा दिवस येतो २५ मेला. तो रविवार आहे. करार म्हणतो की शेवटचा दिवस शनिवारी, रविवारी किंवा कायदेशीर सुट्टीला पडला तर तो पुढच्या कामाच्या दिवशी सरकतो. सोमवारी, २६ मेला मेमोरियल डे, म्हणजे लढाईत गेलेल्या सैनिकांच्या स्मरणाची राष्ट्रीय सुट्टी. तेव्हा मुदत संपते मंगळवारी, २७ मेच्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी. मधले शनिवार-रविवार मात्र सगळे मोजायचे. सवलत फक्त शेवटच्या दिवसाला आहे. हे न कळल्यामुळे मधले सुट्टीचे दिवस गाळून कुणी ३ जून ही तारीख काढतो आणि आठवडाभर निर्धास्त राहतो.

त्याच करारात डिपॉझिट भरायला ३ दिवस असतात, पण ते मात्र कामाचे: शुक्रवार ९, सोमवार १२, मंगळवार १३ मे. विकणाऱ्याने घराची माहिती देणारे कागद ७ दिवसांत द्यायचे, ते साधे दिवस, म्हणजे १५ मे. ३० दिवसांत व्यवहार पुरा करायचा असेल तर तिसावा दिवस ७ जून, शनिवार, म्हणून ९ जून. आणि कर्ज देणाऱ्याने अंतिम खर्चाचं पत्रक सह्यांच्या किमान तीन कामाचे दिवस आधी ग्राहकाच्या हातात द्यायचं हा केंद्र सरकारचा नियम आहे, २०१५ पासूनचा. त्या नियमात शनिवार कामाचा दिवस धरला जातो! म्हणजे एकाच घराच्या एकाच व्यवहारात दिवसाचा अर्थ तीन जागी तीन. माझ्या कागदावर प्रत्येक तारखेपुढे मी वार लिहिते आणि कोणत्या नियमाने मोजली ते चार शब्दांत लिहिते. महिना अक्षरांनी लिहिते. इथे महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात. नुकताच भारतातून आलेला माणूस ०६/०९ वाचून सप्टेंबरपर्यंत वेळ आहे असं समजू शकतो.

पण सगळ्यात जास्त वाद शून्याच्या दिवसावरून होतो. करार पक्का कधी झाला? सही केली तेव्हा नाही. शेवटची सही झालेली प्रत ज्याने प्रस्ताव दिला त्याच्याकडे किंवा त्याच्या एजंटकडे पोहोचली तेव्हा. आमच्याकडे एका घरावर तीन-तीन वेळा ऑफर आणि काउंटर ऑफर होते, सगळं फोनवर, डॉक्युसाइनच्या ऑनलाइन सह्यांवर, रात्रीचं जेवण झाल्यावर. एका फाइलमध्ये विकणाऱ्या बाईंनी गुरुवारी रात्री साडेदहाच्या सुमाराला सही केली. त्यांचा एजंट मुलीच्या कार्यक्रमाला गेलेला. त्याने घरी येऊन प्रत पाठवली तेव्हा बारा वाजून गेले होते. आमच्या एजंटने सकाळी डॉक्युसाइनमधली सहीची वेळ बघून गुरुवार धरला. समोरच्यानेही गुरुवारच धरला, कारण त्याच्या दृष्टीने बाईंनी गुरुवारीच हो म्हटलं होतं. तपासणीची मुदत ७ दिवसांची होती. गुरुवार शून्य धरला तर मुदत पुढच्या गुरुवारी संपत होती, शुक्रवार धरला तर पुढच्या शुक्रवारी. आणि छत तपासणारा माणूस येणार होता शुक्रवारी सकाळी.

मी दोन्ही एजंटांना एकच ई-मेल लिहिली. प्रत कोणत्या मिनिटाला आली ते त्या मेलखाली जोडलं, करारातलं कलम लिहिलं, आणि सगळ्या तारखा मांडून शेवटी एक ओळ: आपणांस मान्य असल्यास या मेलला उत्तर द्यावे. समोरच्या एजंटने दुपारपर्यंत मान्य म्हणून कळवलं. छतवाला शुक्रवारी आला, अहवाल दुपारी आला, सही संध्याकाळी झाली. कुणाचं भांडण झालं नाही, कुणी आवाज चढवला नाही. पण हेच उत्तर सातव्या दिवशी मागितलं असतं तर ते इतकं सहज मिळालं नसतं. पहिल्या दिवशी दोघांनाही व्यवहार हवा असतो, दोघंही खुशीत असतात. तारखा कबूल करून घ्यायच्या त्या तेव्हाच.

कॅलिफोर्नियाच्या कराराची आणखी एक तऱ्हा आहे, आणि ती इतर पुष्कळ राज्यांपेक्षा वेगळी आहे. इथे मुदत संपली म्हणून अट आपोआप जात नाही. घेणाऱ्याने लेखी सही करून ती काढावी लागते. तोपर्यंत त्याचा मागे फिरण्याचा हक्क शाबूत असतो. विकणाऱ्याला घाई असेल तर त्याने नोटीस द्यायची: अट काढा, नाहीतर मी करार रद्द करीन. त्या नोटिशीनंतर किमान २ दिवस द्यावे लागतात, आणि ती मुदतीच्या दोन दिवसांहून जास्त आधी देता येत नाही. त्यानंतरही घेणारा गप्प राहिला आणि विकणाऱ्याने करार रद्द केला, तर डिपॉझिट परत मिळतं, पण घर जातं.

टेक्सासमध्ये अगदी उलटं. तिथे घेणारा वेगळी फी भरून ठरावीक दिवसांचा ऑप्शन पिरियड घेतो. त्या काळात कोणतंही कारण न देता करार सोडता येतो, पण शेवटच्या दिवशी संध्याकाळी ५ वाजता तो हक्क संपतो. सही लागत नाही, नोटीस लागत नाही, आणि शेवटचा दिवस रविवार असला तरी तो पुढे सरकत नाही. न्यूजर्सीत एजंटने केलेल्या करारावर आधी ३ कामाचे दिवस वकिलाच्या तपासणीचे असतात, त्यात शनिवार, रविवार आणि सुट्ट्या धरत नाहीत. हे सगळं मी सांगते याचं कारण म्हणजे आपली माणसं सल्ला घेतात ती घरच्यांकडून. मेव्हणा टेक्सासातल्या डॅलसला, मावसभाऊ न्यूजर्सीतल्या एडिसनला, आणि दोघांनी नुकतीच घरं घेतलेली. दोघंही काळजीने सांगतात, आणि दोघांचंही त्यांच्या राज्यात बरोबर असतं. एका मुलीने मला रात्री दहाला घाबरून फोन केला होता: "ताई, भाऊजी म्हणतात पाच वाजताच मुदत संपली, आता आमचे पैसे गेले." काही गेलं नव्हतं. तिची अट अजून जागेवर होती, कारण तिने ती काढलीच नव्हती. तिला समजावून झाल्यावर तिच्या भाऊजींशीही बोलले. भला माणूस, लगेच समजला.

याची दुसरी बाजूही आहे. अट आपोआप जात नाही हे एकदा कळलं की काही जण त्यावर रेलून बसतात. नोटीस येईपर्यंत बघू, म्हणतात. मला हे पसंत नाही. समोर विकणारी बहुतेक वेळा एखादी म्हातारी बाई असते, मुलाजवळ जाऊन राहायला निघालेली, सामान बांधलेलं. मुदत ही तिचीही आहे. करारात दिलेला शब्द पाळून हक्क वापरता येतो, आणि तसाच तो वापरावा.

खरी मेहनत असते ती तारीख काढल्यानंतर. शेवटची तारीख भिंतीवर लिहून ठेवायची नसते, तिथून मागे यायचं असतं. तपासणीचा माणूस बोलावल्यापासून यायला दोन-चार दिवस. त्याचा अहवाल दुसऱ्या दिवशी. तो जनरल तपासणारा असतो. त्याला शंका आली की तो लिहितो, पुढील पाहणी तज्ज्ञाकडून करून घ्यावी. म्हणजे आणखी एक माणूस, आणखी एक वेळ ठरवणं, आणखी एक अहवाल. मग विकणाऱ्याशी बोलणं, सूट मागणं, त्याचं उत्तर येणं. १७ दिवस खूप वाटतात, आणि आमच्याकडे १७ मिळतात तरी कुठे? सनीवेल, कूपरटिनो, फ्रीमाँट या पट्ट्यात घरं थोडी आणि गिऱ्हाइकं जास्त. घर हातचं जाऊ नये म्हणून लोक ७ दिवस, ५ दिवस लिहितात, आणि पुष्कळदा एकही अट न ठेवता ऑफर देतात. विकणारे तपासणीचे अहवाल ऑफरच्या आधीच देतात, ही त्यातली बरी बाजू. तरी तो अहवाल विकणाऱ्याने बोलावलेल्या माणसाचा असतो, आणि कर्ज व मूल्यांकन यांचा त्यात काही संबंध नसतो.

साताऱ्याकडचं एक जोडपं आठवतं. हेवर्डच्या टेकडीवरचं घर, १९५० च्या दशकातलं. तपासणीला १० दिवस होते. इतकं जुनं घर म्हणजे शिशाच्या रंगाची माहिती देणं आलंच. १९७८ च्या आधीच्या घरांना तो केंद्राचा नियम आहे. शिवाय हेवर्ड फॉल्ट ही भूकंपाची भेग त्याच भागातून जाते, त्यामुळे विकणाऱ्याने द्यायच्या धोक्यांच्या पत्रकात घर भूकंपाच्या पट्ट्यात आहे असं स्पष्ट लिहिलेलं होतं. त्यांनी पत्रक वाचलं, विचार केला, चालेल म्हणाले. पाचव्या दिवशी तपासणारा आला. इथल्या जुन्या घरांना जमिनीखाली रांगत जाण्याइतकी पोकळी असते. तो कोपरांवर सरकत आत गेला आणि अर्ध्या तासाने मातीने माखून बाहेर आला. त्याच्या फोनमधला एक फोटो मला अजून दिसतो: लाकडी खांब, त्याच्या बुडाशी ओली काळी माती, खांबाचं टोक काँक्रीटच्या ठोकळ्यावरून दोन बोटं सरकलेलं, आणि मधल्या फटीत कुणीतरी कधीतरी ठोकलेली पाचर. अहवालात शेरा आला: स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवावे.

इंजिनीअर मिळत होता बाराव्या दिवशी. मुदत दहाव्या. मी मुदतवाढीचा कागद केला. समोरच्या एजंटने त्यात सुधारणा करून पाठवली: तीन दिवस वाढवून देण्यात येत आहेत. कधीपासून तीन? दहाव्या दिवसापासून, की या कागदावर सही झाल्यापासून? दहावा दिवस शनिवारी येत असेल तर शनिवारपासून, की सरकलेल्या सोमवारपासून? मी ते शब्द काढून तारीख, वार आणि वेळ लिहिली आणि परत पाठवली. त्याने सही केली. मुदतवाढीत दिवस कधीच लिहू नयेत, तारीख लिहावी, हे मी नव्या मुलामुलींना पहिल्या आठवड्यात सांगते.

इंजिनीअरने पाया सरकतोय असं लिहिलं. दुरुस्तीचा अंदाज मोठा होता, आणि विकणारा भाव कमी करायला तयार नव्हता. त्या नवरा-बायकोने ती रात्र जागून काढली असणार. नवऱ्याचे वडील कऱ्हाडहून फोनवर सांगत होते, हातचं घर सोडू नका, दुरुस्ती काय, होते. सकाळी बायकोने मला विचारलं, "आज सोडलं तर आमचे सगळे पैसे परत येतील ना?" मी म्हटलं, हो, आज आणि उद्या रात्रीपर्यंत तुमचा हक्क वादातीत आहे. त्यांनी त्याच दिवशी रद्द करण्याच्या कागदावर सही केली. पैसे लगेच आले नाहीत. एस्क्रो कंपनी ही दोघांच्या मधली, तिला दोघांच्या सह्या लागतात. विकणाऱ्याला राग होता, त्याने थोडे दिवस लावले. कायद्यात अशा वेळी उगाच सही अडवून धरणाऱ्याला दंडाची तरतूद आहे. ते कलम सभ्य शब्दांत लिहून पाठवल्यावर सही आली. पूर्ण रक्कम परत मिळाली. तपासणारा आणि इंजिनीअर यांची फी गेली, ती जायचीच होती.

भारतातून पैसे आणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. आईवडील मुलाला घरासाठी हातभार लावतात, आणि लावावाच. पण डिपॉझिटच्या तीन कामाच्या दिवसांत ते पैसे इथे पोहोचतील असं धरू नये. तिकडच्या बँकेचे फॉर्म, एका आर्थिक वर्षात एका माणसाला अडीच लाख डॉलरची रिझर्व्ह बँकेची मर्यादा, दोन देशांच्या वेगवेगळ्या सुट्ट्या, आणि इथल्या बँकेला हवं असलेलं, हे पैसे परत करायचे नाहीत असं सांगणारं पत्र. हे सगळं ऑफर देण्याच्या आधीचं काम आहे. आणि सुट्टीला पुण्याला गेला असाल तर लक्षात ठेवा, मुदत घराच्या गावच्या घड्याळावर चालते. तुमची बुधवारची दुपार म्हणजे इथे मंगळवारची रात्र. त्यातही उशीर फायद्याचा वाटून शेवटच्या तासावर काही ठेवू नये. हॉटेलच्या वायफायवर डॉक्युसाइन उघडत नाही म्हणून रडकुंडीला आलेला माणूस मी ऐकला आहे.

सुट्ट्यांच्या बाबतीत २०२६ पासून एक नवी गोष्ट झाली. कॅलिफोर्नियाने दिवाळी राज्याच्या सुट्ट्यांच्या यादीत घातली. आमच्या भागातल्या मंडळींना त्याचा आनंद झाला, मलाही झाला. पण करारातली सुट्टीची व्याख्या राज्याच्या कायद्यातल्या याद्यांवर टेकलेली आहे, आणि त्या याद्यांमध्ये असे दिवस आहेत ज्या दिवशी बँका आणि एस्क्रोच्या कचेऱ्या उघड्या असतात. ३१ मार्चची सुट्टी ही त्यातलीच. अशा दिवशी मुदत सरकते असं एक बाजू म्हणते, दुसरी म्हणते बँक तर चालू होती. म्हणून माझ्या कागदावर सुट्टीमुळे सरकलेली तारीख असेल, तर मी अलीकडचा कामाचा दिवसही लिहिते आणि घेणाऱ्याला सांगते, तुमचं काम या अलीकडच्या दिवशी संपवा. सरकलेला दिवस आजारपणासाठी, बंद पडलेल्या इंटरनेटसाठी राखून ठेवा. अक्षय्य तृतीयेला गृहप्रवेश करायचाय म्हणून क्लोजिंगची, म्हणजे व्यवहार पुरा होण्याची, तारीख मागणारेही येतात. त्यांनाही हेच: मुहूर्ताच्या आधी चार-पाच दिवस सोडून तारीख घालू, कारण कौंटीच्या रेकॉर्डरकडे दस्त नोंदला गेल्याशिवाय किल्ली मिळत नाही, आणि रेकॉर्डरला पंचांग लागू नाही.

अट न ठेवता ऑफर देणाऱ्यांची मला काळजी वाटते. बाजार तसा आहे हे मान्य. दहा घरं हातची गेल्यावर माणूस अकराव्याला सगळं सोडून द्यायला तयार होतो, आणि त्याला दोष देता येत नाही. ज्याच्याकडे कर्ज पूर्ण मंजूर आहे, जुना अहवाल स्वतःच्या माणसाकडून वाचून घेतला आहे, मूल्यांकन कमी आलं तर फरक भरायची ताकद आहे, त्याने अट सोडली तर तो हिशोबाने सोडतोय. पण शेजाऱ्याने सोडली म्हणून, एजंट म्हणाला म्हणून सोडणं वेगळं. अट सोडायचीच असेल तर तीन टक्के रकमेचा आकडा कागदावर लिहा, नवरा-बायको दोघांनी तो मोठ्याने वाचा, मग सही करा. आणि सगळ्या अटी सोडायच्या ऐवजी दिवस कमी करता येतात का ते विचारा. विकणाऱ्यालाही बहुतेक वेळा वेग आणि खात्री हवी असते; कर्जाच्या बँकेचं पत्र जोडलेली, पाच दिवसांची, नीट मोजलेली अट तो पुष्कळदा स्वीकारतो.

तेव्हा ऑफरवर सही करायच्या आधी आपल्या एजंटला एवढं विचारा: आपला शून्याचा दिवस कोणता धरणार, आणि समोरच्याची त्याला लेखी कबुली कधी घेणार? त्याने तारीख, वार आणि वेळ लगेच लिहून दिली तर पुढे जा. बघू, सांगतो नंतर, असं उत्तर आलं, तर तो लिहून देईपर्यंत पेन खाली ठेवा.